आठ फुटी फोमचा बोर्ड सोडून आखूड बोर्ड केव्हा घ्यावा?

पुळण (पर्वरी, गोवा)

नमस्कार.

गेली दोन वर्षे मी उत्तर गोव्यातील आश्वे येथे सर्फिंग करते आहे. पावसाळ्यात समुद्र बंद असल्यामुळे दोन वर्षे म्हणजे प्रत्यक्षात ऑक्टोबर ते मे असे दोन हंगाम, आणि नोकरी सांभाळून आठवड्याला दोन किंवा तीन सकाळी एवढाच माझा सराव झाला आहे. वय ३६, उंची ५ फूट ४ इंच, वजन ५८ किलो. मी मूळची कोल्हापूरची असल्यामुळे पोहणे विहिरीत शिकले. समुद्राशी ओळख झाली ती नोकरीने गोव्यात आणल्यानंतर.

माझ्याकडे शिकाऊ मंडळींकडे असतो तोच ८ फुटी फोमचा बोर्ड आहे आणि त्यावर ८० लिटर असा आकडा, म्हणजे बोर्डाचे आकारमान, छापलेला आहे. कंबरेएवढी, न फुटलेली लाट मी आता कोणी मागून न ढकलता पकडते. दहांपैकी साधारण सहा मिळतात. माझा डावा पाय पुढे असतो, त्यामुळे उजवीकडे जाणाऱ्या लाटेवर मी शेवटपर्यंत टिकते, मात्र डावीकडे वळायचे म्हटले की बहुतेक वेळा पाण्यात जाते. हल्ली दोन गोष्टी सतत खटकतात. बोर्ड वळवायला गेले की त्याचे टोक इतके सावकाश फिरते की तोपर्यंत लाट पुढे निघून गेलेली असते. आणि ऑक्टोबरसारख्या दिवसांत मोठ्या लाटांची रांग आली की एवढा मोठा बोर्ड घेऊन फेसातून बाहेर पडताना माझी सगळी शक्ती तिथेच संपते.

आमच्या किनाऱ्यावर नेहमी येणारे एक परदेशी गृहस्थ मायदेशी परत निघाले आहेत आणि ते त्यांचा ६ फूट २ इंची, २९ लिटरचा बोर्ड १५,००० रुपयांना देत आहेत. बोर्ड उत्तम स्थितीत आहे, मला तो मनापासून आवडला आहे आणि निर्णय याच आठवड्यात घ्यायचा आहे. माझा प्रश्न असा, की आखूड बोर्डाकडे जाण्याची वेळ आली हे नेमके कशावरून ओळखावे? दोन हंगाम झाले म्हणजे पुरे झाले, असे काही असते का? जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

खारा वारा (मुलकी, कर्नाटक)

ताई, आधी या आठवड्यातल्या निर्णयापुरते सांगतो: तो बोर्ड घेऊ नका. आता कारण सविस्तर लिहितो. मी मूळचा वेंगुर्ल्याचा, गेली अकरा वर्षे मुलकीला असतो, आणि शांभवीच्या मुखापासून सशिहित्लूपर्यंतच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न मी दर हंगामात ऐकतो.

बोर्डाची लांबी कमी झाली की सर्वांत आधी कमी होतो तो वेळ. कंबरेएवढी लाट साधारण सव्वा मीटर खोल पाण्यात फुटते, आणि तेवढ्या पाण्यात ती ताशी बारा किलोमीटरच्या आसपास वेगाने पुढे सरकत असते. आपण हातांनी कितीही पाणी मारले तरी ताशी पाच-सहा किलोमीटरच्या वर फारसे जात नाही. उरलेला वेग लाटेचा उतार देतो. लांब आणि भरपूर तरंगणारा बोर्ड थोड्या उतारावरसुद्धा घसरायला लागतो, म्हणून ८ फुटी बोर्डावर आपण लाट उभी राहण्याच्या बऱ्याच आधी तिच्यावर स्वार होतो, आणि उठून उभे राहायला आपल्याला दोन-तीन सेकंदांची सवड मिळते. आखूड बोर्ड त्या मंद उतारावर हलतच नाही. लाट जवळजवळ उभी होईपर्यंत त्याला थांबावे लागते, आणि मग उठायला जेमतेम एक सेकंद हाताशी असतो. म्हणून हंगाम मोजण्यापेक्षा हे पाहावे, की त्या दोन-तीन सेकंदांचे आज आपण काय करतो.

याची परीक्षा आहे त्याच बोर्डावर करता येते. आपण नेहमी जिथे बसता त्याच्यापेक्षा चार-पाच हात किनाऱ्याच्या बाजूला बसा आणि मुद्दाम उशिरा, लाट फुटायच्या बेतात असताना पकडा. बोर्डाचे टोक पाण्यात न खुपसता, एका झटक्यात उभे राहून, उताराच्या तळाशी पोहोचण्याआधी बोर्ड बाजूला वळवता आला आणि असे दहांपैकी पाच-सहा वेळा साधले, तर आखूड बोर्ड आपल्याला परका वाटणार नाही. त्याच परीक्षेचा पुढचा भाग दिशेचा आहे. बहुतेक शिकाऊ लोक लाट पकडून आधी सरळ किनाऱ्याकडे जातात आणि मग वळतात. आखूड बोर्डावर ही चैन नसते. पाणी मारतानाच बोर्डाचे तोंड ज्या बाजूला जायचे त्या बाजूला थोडे वळलेले असावे लागते.

आणखी एक गोष्ट घरी बसून पाहता येईल. फोमच्या बोर्डावर पाय घसरू नयेत म्हणून आपण वॅक्स (मेण) लावतच असाल. बोर्ड उन्हात आडवा ठेवून त्या वॅक्सकडे नीट पाहा. जिथे पाय पडतात तिथे तो दबून गुळगुळीत झालेला असतो, आणि जिथे काही लागत नाही तिथे त्याचे बारीक दाणे तसेच राहतात. मागच्या बाजूला, मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे, लिंबाएवढा एक गुळगुळीत डाग दिसला तर तो उजव्या गुडघ्याचा आहे असे समजा. आपण उठताना आधी गुडघा टेकता आणि मग पाय आणता. ८ फुटांवर ही सवय खपून जाते, ६ फुटांवर ती एकही लाट मिळू देत नाही. पुढच्या पावलाचे ठसे एकाच जागी आहेत की वीतभर पट्ट्यात विखुरलेले आहेत, हेही पाहा. विखुरलेले असतील तर दर वेळी पाऊल नवीन जागी पडते आहे. लांब बोर्ड ती चूक पोटात घालतो, आखूड बोर्ड घालत नाही.

डावीकडचे जमल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. लाट पाठीमागे असताना आपण बहुधा पायांकडे किंवा सरळ किनाऱ्याकडे पाहत असाल. नजर डाव्या खांद्यावरून लाटेच्या पुढच्या, अजून न फुटलेल्या भागाकडे न्या आणि भार टाचांवर घ्या. खांदा आपोआप उघडतो आणि बोर्ड त्याच्या मागून येतो.

हे सारे साधल्यानंतर ७ फूट ते ७ फूट ४ इंच, ४५ ते ५० लिटर अशा मधल्या बोर्डाकडे जावे, आणि तेही पुढच्या हंगामात. माझ्या मते हा हंगाम आहे त्याच बोर्डावर डावी बाजू पक्की करण्यात घालवावा.

उधाण (सिडनी)

वरील प्रतिसादाशी सहमत होऊन माझी चूक सांगतो, कारण ती हुबेहूब आपण करायला निघालेलीच चूक आहे.

मी ठाण्याचा, सिडनीत येऊन मॅनलीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकलो. शिकून वर्षही झाले नव्हते तेव्हा एका दुकानात गेलो, माझे वजन ७२ किलो, आणि तिथल्या विक्रेत्याने मला ६ फूट १ इंची, ३१ लिटरचा बोर्ड दाखवून सांगितले, की तुम्ही तरुण आहात, महिन्याभरात सवय होईल. पुढचे आठ महिने मी तो बोर्ड घेऊन आठवड्याला तीनदा पाण्यात जात होतो आणि दर खेपेला दोन, कधी तीन लाटा पकडत होतो. बाकीचा वेळ पाणी मारण्यात आणि दुसऱ्यांच्या लाटा पाहण्यात जाई. जो माणूस तासाला दहा लाटांवर उभा राहतो तो दहा वेळा शिकतो. मी दोनदा शिकत होतो. आठ महिन्यांनी एका मित्राचा ७ फूट २ इंची बोर्ड उसना घेतला तेव्हा लक्षात आले, की माझ्याबरोबर शिकायला लागलेले लोक माझ्या बरेच पुढे गेले आहेत. ते आठ महिने मला आजही सलतात.

आखूड बोर्ड कशासाठी जन्माला आला हे समजून घेतले तर त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हेही कळते. १९६६ साली सॅन दिएगोला झालेली जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंगने जिंकली ती ९ फूट ४ इंची बोर्डावर, आणि त्या काळी तोसुद्धा हलका आणि चपळ मानला गेला होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६७ मध्ये, बॉब मॅकटॅव्हिश आमच्या मॅनलीच्या शेजारी ब्रुकव्हेल येथे तळाला व्ही आकार दिलेले, रुंद शेपटीचे आखूड बोर्ड घडवू लागला. त्यानंतर तीन-चार वर्षांतच लांबी ७ फुटांच्या खाली आली. १९८१ साली सायमन अँडरसनने तीन फिनांचा (तळाशी मागे बसवलेल्या पात्यांचा) बोर्ड वापरून स्पर्धा जिंकून दाखवल्या आणि आज दुकानात दिसणारा बहुतेक प्रत्येक आखूड बोर्ड त्याच्याच वंशातला आहे. या सगळ्या घडामोडीमागे एकच ओढ होती: लाटेच्या ज्या भागात सर्वाधिक जोर असतो, म्हणजे फुटणाऱ्या कडेच्या अगदी जवळ, तिथे राहून वर-खाली वळणे घेता यावीत. म्हणजे बोर्डाने मागितलेला जोर लाटेत असायला हवा. डिसेंबर ते मार्च या काळात मी सुट्टीला आलो की आश्वे आणि मांद्रे येथे जातो. तिथली लाट सकाळी मतलई वाऱ्यात अतिशय सुबक असते, पण मऊ असते. अशा लाटेवर ज्या बोर्डाचा तळ रुंद आणि सपाट असतो तोच वेग धरतो. २९ लिटरचा, टोकाला वर वळलेला, निमुळता बोर्ड त्या लाटेवर तज्ज्ञालाही सतत पायांनी रेटत ठेवावा लागतो.

आता एक व्यावहारिक सूचना, जी मला कोणी वेळेवर दिली नाही. आपल्याला टोक सावकाश फिरते असे जे वाटते त्याचा अर्धा दोष लांबीचा नसून फोमचा असू शकतो. शिकाऊ बोर्ड मऊ असतो, पायाखाली किंचित वाकतो, त्याच्या कडा गोल आणि जाड असतात आणि फिन बहुधा लवचीक प्लास्टिकचे असतात. पाऊल दाबले की तो दाब कडेपर्यंत पोहोचण्याआधीच मुरून जातो. त्याच्या जवळपास लांबीचा, म्हणजे साडेसात फुटी, पण फायबरग्लास किंवा इपॉक्सीचा टणक बोर्ड एकदा भाड्याने घेऊन पाहा. लाटा जवळजवळ तितक्याच मिळतील आणि वळताना मात्र पूर्ण वेगळा बोर्ड पायाखाली असल्यासारखे वाटेल. टणक बोर्डाचे टोक आणि फिन लागतात, हे मात्र विसरू नये. पडताना बोर्डापासून दूर पडायचे आणि वर येताना दोन्ही हात डोक्यावर धरायचे, ही सवय फोमवर असतानाच लावून घ्यावी.

पुळण

दोघांचेही मनापासून आभार. त्या गृहस्थांना काल नकार कळवला. वाईट वाटले, पण दोन्ही प्रतिसाद वाचल्यावर दुसरे काही करणे शक्य नव्हते.

वॅक्स पाहिला. गुडघ्याचा डाग आहे, आणि लिंबाएवढा नाही, चांगला मोसंब्याएवढा आहे. मी एका झटक्यात उभी राहते अशी माझी पक्की समजूत होती. पुढच्या पावलाचा ठसा बऱ्यापैकी एका जागी आहे, एवढाच दिलासा.

उशिरा लाट पकडण्याची परीक्षाही दोन सकाळी करून पाहिली. वीस प्रयत्नांत सात वेळा उभी राहिले, त्यातही वळण वेळेवर घेतले ते चार वेळा, सगळे उजवीकडे.

एक शंका मात्र उरते. मोठ्या लाटांच्या रांगेतून बाहेर कसे पडायचे? आखूड बोर्डवाले बोर्डाचे टोक पाण्यात दाबून लाटेखालून निघून जातात आणि मी प्रत्येक लाटेबरोबर दहा हात मागे येते. निदान या एका कारणासाठी तरी बोर्ड लहान असायला हवा, असे मला अजूनही वाटते.

शिंपला (सांता क्रूझ, कॅलिफोर्निया)

पुळण, तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते. बोर्ड दाबून लाटेखालून जायचे असेल तर तो तुमच्या वजनाने आणि हातांच्या जोराने बुडला पाहिजे, आणि ५८ किलोच्या व्यक्तीला ४५ लिटरचा बोर्डसुद्धा नीट बुडवता येत नाही. म्हणजे त्यासाठी बोर्ड लहान करायचा तर तो थेट तुम्ही आत्ताच नाकारलेल्या मापापर्यंत करावा लागेल. मधल्या मापांसाठी उपाय निराळा आहे. फेस दोन हातांवर आला की बोर्डाच्या दोन्ही कडा छातीच्या रेषेत घट्ट धरून स्वतःसकट उलटे व्हा, बोर्ड वर आणि तुम्ही खाली, टोक किंचित खाली खेचलेले, आणि फेस अंगावरून गेल्याबरोबर पुन्हा सुलटे होऊन पाणी मारायला लागा. कासव उलटावे तसे हे दिसते आणि याला टर्टल रोल म्हणतात. बहुतेकांचे चुकते ते इथे, की ते बोर्ड हात लांब करून धरतात आणि लाट तो हिसकावून नेते. कोपर दुमडलेले हवेत आणि बोर्ड अंगाशी हवा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्यात शिरण्याआधी दहा मिनिटे वाळूत उभे राहून कुठे लाटा कमी फुटतात ते पाहावे. पाणी परत समुद्राकडे वाहते ती वाट बहुधा तिथेच असते, आणि ज्याला पोहता येते व प्रवाह ओळखता येतो अशा माणसाला ती वाट पुष्कळ कष्ट वाचवते.

आता पहिल्या प्रतिसादाशी माझा मतभेद. हा पूर्ण हंगाम ८० लिटरवरच काढावा, हे मला पटत नाही. आपण सगळे लांबीबद्दल बोलतो आहोत, पण पुळण यांची अडचण लिटरची आहे. हिशेब साधा आहे. खाऱ्या पाण्यात ८० लिटरचा बोर्ड साधारण ८२ किलो भार पेलतो. त्यातून बोर्डाचे स्वतःचे सात-एक किलो वजा केले तरी ७५ उरतात, आणि पुळण यांचे वजन ५८ आहे. म्हणजे त्या बोर्डावर लाट नसताना नुसत्या उभ्या राहिल्या तरी तो पूर्ण बुडणार नाही. वळण म्हणजे बोर्डाची एक कड पाण्यात रुतवणे. जो बोर्ड अख्ख्या माणसाला बुडू देत नाही, तो त्याच्या टाचेच्या भाराने कड तरी कशी रुतवू देईल? डावीकडे वळताना पडण्यात नजरेची चूक असेलच, पण टाचेवर भार घेऊनही कड न रुतल्यामुळे पाय घसरणे हेही त्यात आहे, असे मला वाटते. तोच बोर्ड ८५ किलोच्या माणसाला योग्य असतो. शिकवणाऱ्या संस्था सर्वांना एकच बोर्ड देतात आणि हलक्या अंगाच्या बायकांना त्याचा जास्त त्रास होतो. मीही ५५ किलोची आहे आणि हे मला फार उशिरा कळले.

बोर्डावर बसल्यावर पाणी कुठवर येते, ही माझी खूण. सध्या ते तुमच्या मांड्यांपाशी असणार. ४५-५० लिटरवर ते कंबरेपर्यंत येईल, आणि २९ लिटरवर त्याहूनही वर. कंबरेपर्यंत बुडून बसणे ही सध्या तुमच्यासाठी योग्य जागा आहे.

इथल्या संकेतस्थळांवर वजनाप्रमाणे लिटरचे तक्ते असतात. ते जसेच्या तसे घेऊ नका. आमचे पाणी वर्षाचा बराच काळ १२ ते १४ अंश असते, आम्ही ४ मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख घालतो, तो खांद्यांना प्रत्येक हाताला अडवतो, म्हणून आम्ही दोन-तीन लिटर जास्त धरतो. गोव्याच्या कोमट पाण्यात त्याची गरज नाही.

आणि आखूड म्हणजे पुढची इयत्ता, ही समजूत मनातून काढून टाका, असे आवर्जून सांगते. आमच्या गावात १८८५ साली सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी तीन हवाई राजपुत्रांनी रेडवूडच्या भल्यामोठ्या फळ्यांवर लाटा खेळल्या, आणि त्याच खाडीतल्या काउल्सच्या सावकाश लाटेवर मी आजही ९ फुटी बोर्ड वापरते, कारण त्या लाटेला तोच शोभतो. तिथून चालत जाता येईल अशा स्टीमर लेनला त्याच दिवशी लोक ६ फुटी बोर्ड वापरत असतात, कारण तिथली लाट तशी आहे. बोर्ड आधी लाटेला आणि मग आपल्याला साजेसा असावा.

खारा वारा

शिंपला यांचा लिटरचा मुद्दा मला मान्य आहे. इथे माझ्याकडे येणारे बहुतेक जण ७०-८० किलोचे पुरुष असतात, आणि त्यांच्यासाठी पाठ झालेला सल्ला मी ५८ किलोच्या व्यक्तीला तसाच दिला. ती माझी चूक झाली. ताई, मधला बोर्ड याच हंगामात भाड्याने घ्या. फक्त एक पथ्य पाळा: पहिले पंधरा दिवस जुना बोर्डही सोडू नका. ज्या दिवशी लाट गुडघ्याएवढी आणि मऊ असेल त्या दिवशी ८ फुटीच न्या, नाहीतर नव्या बोर्डावर नुसतेच बसून परत याल आणि उगीच हिरमुसाल. उधाणाच्या भरतीला आश्वेची लाट किनाऱ्याशी येऊन एकदम कोसळते. तोही दिवस नव्या बोर्डाचा नव्हे. भांगाच्या, म्हणजे सौम्य भरती-ओहोटीच्या दिवसांत, सकाळी, पाणी अर्धे चढलेले असताना जा.

पुळण

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, कारण आधी लिहिण्यासारखे काही हाती नव्हते.

मोरजीतून ७ फूट २ इंची, ४८ लिटरचा इपॉक्सीचा बोर्ड महिन्याच्या भाड्याने घेतला. पहिल्या सकाळी तेरा लाटांसाठी प्रयत्न केला आणि दोन मिळाल्या. बसल्यावर पाणी खरोखर कंबरेपर्यंत आले आणि मी दोनदा बाजूला कलंडले. बोर्डावर नुसते स्थिर बसणे हेही पुन्हा शिकावे लागेल, याची कल्पना नव्हती. सुरुवातीचा आठवडा बोर्डाचे टोक पाण्यात खुपसण्यातच गेला. मग लक्षात आले, की ८ फुटीच्या सवयीने मी फार पुढे पालथी पडत होते. हनुवटीखाली बोर्डावर पेन्सिलीने एक रेघ मारली आणि दर वेळी तिच्यावरच हनुवटी येईल असे झोपू लागले, तेव्हा ते थांबले.

खारा वारा यांचे पथ्य पाळले. मऊ लाटेच्या चार दिवशी जुना बोर्ड नेला, आणि नव्या बोर्डावरून परत त्यावर गेल्यावर तो किती तरंगतो हे पहिल्यांदाच नीट जाणवले. त्याच बोर्डावर गुडघा न टेकता उठण्याचा सराव केला. घरीही चटईवर रोज वीस वेळा करते. टर्टल रोलमध्ये कोपर दुमडून धरल्यापासून बोर्ड हातातून सुटलेला नाही, पण नाकात पाणी अजून जाते.

चौथ्या आठवड्यापासून दहांपैकी चार-पाच लाटा मिळू लागल्या आहेत. उधाण यांचे म्हणणे खरे निघाले: पावलाने दाबले की बोर्ड लगेच ऐकतो, आणि सुरुवातीला मी सवयीने इतक्या जोरात दाबत होते की वळण घेण्याऐवजी लाटेच्या पाठीमागे फेकली जात होते.

डावीकडच्या लाटा आतापर्यंत एकूण तीन. तिसरी परवाची. मतलई वारा अजून पडला नव्हता, पाणी अर्धे चढले होते, आणि रापणीची (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची) होडी बरीच उत्तरेला असल्यामुळे समोर कोणी नव्हते. उठताना डाव्या खांद्यावरून पाहिले, समोर लाटेची उभी भिंत काचेसारखी दिसत होती, टाचा दाबल्या आणि कड पाण्यात रुतल्याचे तळपायाला कळले. पाच-सहा सेकंद असेल, नंतर लाट संपली आणि मी स्वतःहून बोर्डावर बसले, पडले नाही.

काल बोर्ड उन्हात ठेवून वॅक्स पाहिला. मागच्या पावलाचा ठसा अजून विखुरलेला आहे, पण गुडघ्याच्या जागी सगळे दाणे शाबूत आहेत. मेअखेरपर्यंतचे भाडे भरून ठेवले आहे.